ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाइन प्रेशर: गेज लावण्याआधी आणि लावल्यानंतर विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या ऑटोमॅटिक गाडीचा मालक आल्याआल्या एकच विचारतो, "गिअरबॉक्स खोलावा लागेल का हो?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: गेज, म्हणजे ऑइलचा दाब मोजणारं मीटर, लावल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यावर पुढचे जे प्रश्न येतात ते इथे लिहून काढलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

हे प्रेशर नेमकं कशाचं?

इंजिन फिरलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) फिरतो आणि त्याची मागची नळी गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसलेला पंप फिरवते. पंप खालच्या पॅनमधलं ऑइल फिल्टरमधून ओढतो आणि पुढे ढकलतो. तो ढकलतो ते गरजेपेक्षा जास्तच असतं, म्हणून वाटेत रेग्युलेटर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. जादा ऑइल तो परत सोडून देतो आणि उरलेलं एका ठरावीक दाबावर धरून ठेवतो. हा दाब म्हणजे लाइन प्रेशर. गिअरबॉक्समधली सगळी कामं, म्हणजे क्लच दाबणं, बँड (फिरता भाग धरून ठेवणारा पट्टा) आवळणं, कन्व्हर्टर भरलेला ठेवणं, याच एका दाबाच्या जिवावर चालतात.

एक हिशेब करून बघा. क्लचचा पिस्टन कड्यासारखा असतो. बाहेरचा व्यास १४ सेंटिमीटर आणि आतला ९ धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस सेंटिमीटर भरतं. दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो असेल तर प्लेटी सुमारे ९०० किलोच्या जोराने एकमेकींवर दाबल्या जातात. तोच दाब ४ किलोवर आला की जोर ३६० किलो, आणि त्यातूनही पिस्टन मागे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा वाटा वजा. आता गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि समोर खंबाटकीचा चढ. प्लेटी घसरणारच. घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. म्हणजे प्लेटी जळाल्या हे खरं असलं तरी मूळ दुखणं बऱ्याचदा प्लेटींचं नसतंच. नुसत्या प्लेटी बदलून दिलेला गिअरबॉक्स काही महिन्यांत परत येतो तो याचमुळे.

ऑइलची लेव्हल बरोबर आहे. मग प्रेशर वेगळं कशाला बघायचं?

सोसायटीतली खालची टाकी तुडुंब भरलेली असली तरी पंप दमलेला असेल तर चौथ्या मजल्यावर करंगळीएवढीच धार येते. लेव्हल म्हणजे टाकी, प्रेशर म्हणजे धार.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. हे सगळं तिला लागू होतं का?

आधी ती कुठल्या जातीची ऑटोमॅटिक आहे ते बघा. आपल्याकडे दोन पेडलांच्या सगळ्याच गाड्यांना लोक ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत चार वेगळी यंत्रं असू शकतात.

सेलेरिओमधून २०१४ साली आपल्याकडे सर्वदूर झालेली एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर एक छोटं हायड्रॉलिक यंत्र बसवलेलं असतं. त्या यंत्राचं तेल वेगळं, पंप वेगळा, आणि त्याचा दाब स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, बघायचा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजीतही (दोन क्लचचा गिअरबॉक्स) मेकाट्रॉनिक युनिटचा, म्हणजे गिअर टाकणाऱ्या कॉम्प्युटर-हायड्रॉलिक भागाचा, स्वतःचा पंप आणि दाब साठवणारा डबा असतो. तिथेही गेजचं काम नाही.

सीव्हीटीमध्ये, म्हणजे गिअरांऐवजी पुली आणि पट्टा असलेल्या गिअरबॉक्समध्ये, दाब असतो, आणि तो प्रचंड असतो. पट्टा पुलीवर घसरू नये म्हणून जोर लागतो, त्यामुळे आकडा कित्येकशे पीएसआयवर (चौरस इंचाला पौंड) जातो. साध्या ए.टी.चं, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकचं, ३०० पीएसआयचं गेज सीव्हीटीला लावाल तर गेज तरी जाईल नाहीतर होज (गेजची नळी). कोणीतरी जवळ उभं असताना होज गेला तर काय होईल, त्याचा विचार आधी करा.

खाली जे लिहिलंय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्ससाठी आहे. जुन्या कोरोला आणि ॲक्सेंटच्या ऑटोमॅटिक, चार गिअरची सियाझ आणि अर्टिगा, सहा गिअरची इनोव्हा क्रिस्टा, या सगळ्या त्यात आल्या. जुन्या होंडा सिटीसारख्या होंडा ऑटोमॅटिकची आतली रचना वेगळी आहे. ग्रहचक्रांऐवजी (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या संचांऐवजी) समांतर शाफ्ट आणि प्रत्येक गिअरला स्वतःचा क्लच. पण तत्त्व तेच, आणि तपासणीच्या दृष्टीने सोयच, कारण होंडाने क्लचांसाठी वेगवेगळे टेस्ट पोर्ट (गेज जोडायची छिद्रं) दिलेले असतात.

कोणती लक्षणं दिसली की गेज काढायचं?

डी किंवा आर मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते आणि मग झटक्याने निघते. चढावर आरपीएम वाढतं पण वेग वाढत नाही. एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मध्येच इंजिन मोकळं फिरल्यासारखं होतं. किंवा अगदी उलट, प्रत्येक गिअर पाठीत बुक्की मारल्यासारखा पडतो. पुढे ठीक पण रिव्हर्सला दम नाही, हेही नेहमीचं.

फक्त एका ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, रस्त्यावर रंबल स्ट्रिप असल्यासारखी, तर आधी कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) आणि ऑइलच्या वयावर संशय घ्या.

गेज लावण्याआधी काय बघायचं?

लेव्हल आणि ऑइलची तब्येत. हे न करता गेज लावणं म्हणजे पेशंटला न बघता एक्स-रे काढणं.

लेव्हल बघायची रीत कंपनीगणिक बदलते, आणि चुका इथेच होतात. डिपस्टिक असलेल्या बहुतेक जपानी गाड्यांत ऑइल पूर्ण गरम करायचं, ब्रेक दाबून गिअर एकेक करून सगळ्या जागांवर फिरवून पी मध्ये आणायचा आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक बघायची. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायची. क्रायसलरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये पी मध्ये कन्व्हर्टर भरत नाही, म्हणून तिथे न्यूट्रलमध्ये. तशी गाडी आपल्याकडे एखाद्या हौशी माणसाकडेच असेल, पण एका गाडीची रीत दुसरीला लावू नये याचं ते चांगलं उदाहरण आहे.

नव्या सहा गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. खाली ओव्हरफ्लोचा बोल्ट असतो. ऑइलचं तापमान ठरावीक टप्प्यात, बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, असताना इंजिन चालू ठेवून तो बोल्ट काढायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. तापमान स्कॅनरवर बघायचं, हात लावून अंदाज करायचा नाही.

लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो हे सगळ्यांना कळतं. जास्त असेल तर फिरते भाग ऑइल घुसळतात, ताकासारखा फेस होतो आणि पंपाच्या तोंडी पुन्हा हवाच येते, हे फार जणांना माहीत नसतं. "थोडं जास्तच टाक रे, कमी नको" हा सल्ला इंजिनलाही बरा नाही, इथे तर नाहीच.

मग रंग आणि वास. लालसर किंवा हलकं तपकिरी, जवळपास बिनवासाचं असेल तर ठीक. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर प्लेटी जळतायत. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. बारीक काळी पूड दिसली तर घर्षणाचा थर सुटलाय, चमचम दिसली तर धातू. पॅन काढलंत तर चुंबकावर राखाडी चिखल सापडेल. थोडा असणारच. खिळ्याच्या टोकाएवढे तुकडे असतील तर मात्र गेज बाजूला ठेवा, गिअरबॉक्स खोलायचाच आहे.

गेज कोणतं घ्यायचं?

० ते ३०० पीएसआय, म्हणजे साधारण २० बारचं, ग्लिसरीन भरलेलं. ग्लिसरीनमुळे काटा थरथरत नाही. रिव्हर्समध्ये पूर्ण जोर देऊन मोजायचं असेल तर ४०० पीएसआयचं घ्या. होज हायड्रॉलिकचा हवा. कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप चालत नाही, गरम ऑइलने तो मऊ पडतो. लांबी निदान दोन मीटर, म्हणजे गेज समोरच्या काचेवर वायपरखाली अडकवून आतून वाचता येतं.

खरी डोकेदुखी आट्यांची. अमेरिकन गिअरबॉक्सला बहुतेक वेळा एकअष्टमांश इंच एनपीटी (अमेरिकन पद्धतीचा निमुळता आटा), जपानीला एकअष्टमांश इंचाचाच पण ब्रिटिश पद्धतीचा निमुळता आटा, आणि युरोपियनला बऱ्याचदा १० मिलिमीटर बाय १. पहिले दोन दिसायला जुळे भाऊ, पण इंचाला एकाचे २७ आटे आणि दुसऱ्याचे २८. एनपीटीचं निपल जपानी केसमध्ये दोन फेरे सुरळीत जातं आणि मग घट्ट होतं. माणूस म्हणतो बसलं, आणि पान्याला जोर देतो. ॲल्युमिनियमच्या केसचे आटे तिथेच जातात. निपल हाताने चार-पाच फेरे सहज गेलं तरच पाना लावायचा. मुंबईत नागदेवी भागात किंवा पुण्यात नाना पेठेत काढलेला प्लग घेऊन जा आणि त्याच्याशी ताडून निपल घ्या.

युनिटचा गोंधळ नको म्हणून: १ बार म्हणजे १०० किलोपास्कल म्हणजे १४.५ पीएसआय. आमच्यातले जुने लोक 'किलो' म्हणतात ते चौरस सेंटिमीटरला किलो, १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय. जपानी मॅन्युअलमध्ये बहुधा किलोपास्कल, किलो आणि पीएसआय असे तिन्ही आकडे दिलेले असतात.

टेस्ट पोर्ट कुठे असतो?

गिअरबॉक्सच्या केसवर बाहेरून, लहान चौकोनी किंवा षटकोनी खाचेचा प्लग. एकापेक्षा जास्त दिसले तर अंदाजाने काढू नका. एक लाइन प्रेशरचा असेल, दुसरा एखाद्या क्लचचा, आणि तिसरा नुसता कारखान्यात छिद्र पाडल्यावर बुजवलेला. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल हातात हवं. काही नव्या गिअरबॉक्सना बाहेरून पोर्ट नसतोच, तिथे स्कॅनरवर भागवावं लागतं.

तपासणी प्रत्यक्ष कशी करतात?

ऑइल ५० ते ८० अंशांपर्यंत गरम करायचं. थंड ऑइल घट्ट असतं, त्यामुळे दमलेला पंपही तरुण वाटतो. इंजिन बंद करून प्लग काढायचा, गेज जोडायचं, होज सायलेन्सरपासून आणि एक्सेलपासून लांब बांधायचा. मग इंजिन चालू करून आधी फक्त जोड बघायचा, कुठे पाझर नाही ना. गरम ए.टी. ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडलं तर पेट घेऊ शकतं. आगीचा सिलिंडर हाताशी ठेवा. आणि बारीक छिद्रातून ऑइलची फवारणी होत असेल तर बोट लावून बघू नका. दाबाखालचं तेल कातडीतून आत शिरतं आणि त्या जखमेला डॉक्टरच लागतो.

चारी चाकांना ठोकळे, हँडब्रेक पूर्ण वर, डावा पाय ब्रेकवर गच्च. समोर किंवा मागे कोणीही उभं राहणार नाही, "जरा बघतो" म्हणणारा मालकही नाही. आता पी, आर, एन, डी अशा प्रत्येक जागेवर आयडलला आकडा लिहून घ्यायचा. लिहायचाच, लक्षात ठेवायचा नाही. मग १००० आणि १५०० आरपीएमला.

स्टॉल टेस्ट शेवटी. डी मध्ये ब्रेक पूर्ण दाबून ॲक्सिलरेटर तळापर्यंत, आरपीएम स्थिरावला की प्रेशर आणि आरपीएम दोन्ही वाचायचे. सगळं मिळून पाच सेकंदांच्या आत. इंजिनची सगळी ताकद त्या वेळी कन्व्हर्टरमधल्या ऑइलमध्ये उष्णता होऊन जिरत असते. पाच सेकंदांची दहा केलीत तर तपासायला आणलेला गिअरबॉक्स तपासणीतच जाईल. मग न्यूट्रलमध्ये निदान एक मिनिट आयडल, नंतर आर मध्ये तेच. चाक जराही हललं की लगेच पाय काढायचा. बऱ्याच नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले की इंजिनच आवरतो, तिथे ही टेस्ट होत नाही. काही कंपन्या तर ती करू नका असंच सांगतात. एएमटी किंवा कोरड्या क्लचच्या डीएसजीवर स्टॉल टेस्ट करणं म्हणजे क्लच मुद्दाम जाळणं.

किती आकडा यायला हवा?

शेवटचा शब्द मॅन्युअलचा. कल्पना यावी म्हणून चार गिअरच्या ठरावीक गिअरबॉक्सचे आकडे सांगतो: गरम आयडलला डी मध्ये ५० ते ७५ पीएसआय, आर मध्ये ७० ते १००. स्टॉलला डी मध्ये १३० ते २००, आर मध्ये १८० ते ३००.

रिव्हर्सचा आकडा मोठा बघून लोक घाबरतात. रिव्हर्समध्ये जो ब्रेक किंवा बँड ग्रहचक्राचा एक भाग धरून ठेवतो त्याच्यावर पुढच्या गिअरांपेक्षा जास्त पीळ येतो, म्हणून रेग्युलेटरला मुद्दाम जादा दाब दिला जातो. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर काळजी करायची.

आकडे लिहून घेतले. त्यातून काय कळतं?

इथेच गेज आपली किंमत वसूल करतं.

सगळ्या जागांवर प्रेशर कमी असेल तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे: ऑइल कमी, फिल्टर तुंबलेला, फिल्टरच्या मानेवरची ओ-रिंग कडक होऊन हवा ओढतेय, पंप झिजलाय, रेग्युलेटर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्याचं भोक झिजलंय. यात स्वस्त गोष्टी पहिल्या आहेत, तपासायच्याही त्याच क्रमाने. काटा स्थिर न राहता फडफडत असेल तर हवा किंवा फिल्टर. आयडलला कमी पण आरपीएम वाढवल्यावर बऱ्यापैकी भरून येत असेल तर पंप किंवा आतली गळती.

फक्त डी मध्ये कमी आणि आर मध्ये ठणठणीत असेल तर पंप निर्दोष सुटला. पुढच्या गिअरच्या क्लचच्या वाटेवर कुठेतरी सील फाटलंय. फक्त आर मध्ये कमी असेल तर रिव्हर्सच्या क्लच किंवा ब्रेकच्या वाटेवर. हे कळलं की खोलण्याआधीच कुठे बघायचं ते ठरलेलं असतं, आणि पूर्ण किटचं बिल टळू शकतं.

आकडा बरोबर आहे आणि तरीही गाडी घसरते? मग दाब पोचतोय पण धरायला काही उरलेलं नाही, प्लेटी झिजल्यात. त्याला प्रेशरचा इलाज नाही.

एन मधून डी मध्ये टाकताना काट्याकडे बघत राहा. क्षणभर खाली जातो आणि परत वर येतो. तो खड्डा म्हणजे क्लचच्या पोकळीत ऑइल भरतंय. लगेच वर आला तर उत्तम, रेंगाळला तर सीलमधून गळतंय. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात आकड्याने मिळत नाही, बघून बघून डोळ्याला कळायला लागते.

स्टॉलचा आरपीएमही बोलतो. नेहमीपेक्षा जास्त वर गेला तर क्लच घसरतोय. खूप कमी राहिला तर इंजिनच अशक्त आहे, नाहीतर कन्व्हर्टरच्या स्टेटरचा (आतल्या मधल्या पात्यांच्या चाकाचा) एकदिशा क्लच, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा क्लच, गेलाय. गिअरबॉक्सची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं दुखणं इंजिनमध्ये निघणं, हे आमच्याकडे वरचेवर होतं.

स्कॅनरवर लाइन प्रेशर दिसतं की. मग गेज कशाला?

स्कॅनरवर दिसणारा आकडा बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरने मागितलेला दाब असतो, मिळालेला नाही. हॉटेलात ऑर्डर लिहून घेतली म्हणजे ताटात जेवण आलं असं नाही. दाबाचा प्रत्यक्ष सेन्सर बऱ्याच सीव्हीटी आणि डीसीटीमध्ये (दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये) असतो, साध्या ए.टी.त क्वचित.

म्हणून दोन्ही लागतात. स्कॅनर म्हणतो १५० मागितले आणि गेज ६० दाखवतं, तर दोष ऑइलच्या वाटेवर. स्कॅनरच ६० मागतोय आणि गेजही ६० दाखवतं, तर गिअरबॉक्स आज्ञाधारक आहे, हुकूमच चुकीचा येतोय. मग थ्रॉटलचा सेन्सर, वायरिंग, कॉम्प्युटर यांच्याकडे वळा. स्कॅनरवर दिसणारा पी ०८६८ हा दोषाचा कोड प्रेशर कमी असल्याचा, पी ०८६९ जास्त असल्याचा, पी ०९६२ आणि पी ०९६३ हे प्रेशर सोलेनॉइडच्या (दाब ठरवणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटचे. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर नाही.

प्रेशर सोलेनॉइडचं कनेक्टर काढून बघतात ते कशासाठी?

बहुतेक इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये प्रेशर सोलेनॉइडला करंट मिळाला नाही की दाब जास्तीत जास्त होतो. रचनाच तशी असते, म्हणजे वायर तुटली तरी प्लेटी जळू नयेत. म्हणून गेज जोडून कनेक्टर काढला आणि काटा उसळून वर गेला, तर पंप आणि रेग्युलेटर धडधाकट आहेत. नाही गेला तर आत काहीतरी झिजलंय.

एक गाडी आठवते. साताऱ्याकडची सेडान, प्रत्येक गिअरला दणका. दुसरीकडे मालकाला व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेला भाग) बदलायचा सल्ला मिळाला होता आणि ते पैसे जमवत होते. आम्ही गेज लावलं तर आयडललाच काटा टोकाला. कनेक्टर काढला, काटा तसूभरही हलला नाही. म्हणजे सोलेनॉइडला आधीपासूनच करंट जात नव्हता. वायर धरून मागे मागे गेलो तर बॅटरीच्या खाली उंदराने कुरतडलेली. दोन इंच वायर, सोल्डर आणि टेप. तिथेच वाळलेली भेंडीची देठं होती, ती मालकाने फोटो काढून घरी पाठवली.

प्रेशर जास्त असेल तर चांगलंच ना? घसरणार तर नाही.

घसरणार नाही, पण प्रत्येक गिअर हातोडा मारल्यासारखा बसेल. माउंट, एक्सेलचे जोड, प्लेटींचे दाते यांच्यावर तो मार रोज पडतो. पंपाला जास्त ताकद लागते, ऑइल तापतं, पेट्रोल जास्त जातं. जुन्या केबलवाल्या गिअरबॉक्समध्ये थ्रॉटल केबल जास्त ताणलेली असली तरी हेच होतं. त्याहून जुन्या, व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या ओढीवरून दाब ठरवणारा डबा) असलेल्या अमेरिकन गाड्यांत त्याचा पडदा फाटला तर इंजिन ए.टी. ऑइल ओढून घेतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी, बाहेर मात्र एक थेंब गळत नाही. माणूस चक्रावून जातो.

सकाळी ठीक चालते, गरम झाली की घसरते. किंवा उलट. का?

गरम झाल्यावर घसरते कारण ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपातून, कमजोर सीलांतून सहज निसटतं. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत ही तक्रार लवकर उघडी पडते, तीच गाडी महाबळेश्वरला शहाण्यासारखी वागते. सकाळी घसरून नंतर सुधारते तेव्हा रबरी सील कडक झालेले असतात, गरम होऊन मऊ पडले की नीट बसतात. दोन्ही वेळा मोजा, थंड आणि गरम, तरच फरक कळेल.

नुसतं ऑइल बदलून प्रेशर सुधारेल?

ऑइल जुनं, पातळ झालेलं किंवा चुकीचं असेल तर थोडं. पंप झिजला असेल तर नाही. घट्ट ऑइल टाकून आकडा वर आणायची युक्ती काही जण करतात. गेजवर बरं दिसतं, पण बारीक सोलेनॉइड आणि प्लेटींची घर्षणाची गणितं बिघडतात. कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं ऑइल घाला. टोयोटाचं डब्ल्यूएस, होंडाचं डीडब्ल्यू-१, ह्युंदाईचं एसपी-४ हे एकमेकांना पर्यायी नाहीत, आणि सीव्हीटीचं तर पूर्ण वेगळं. घर्षण नेमकं किती असावं हेच या ऑइलचं मर्म आहे. त्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यात देवमाशाचं तेल मिसळत. ते बंद झाल्यावर पर्याय शोधताना रसायनतज्ज्ञांना घाम फुटला.

पुराच्या पाण्यात गाडी अडकली होती. प्रेशर तपासू?

आधी सुरू करू नका. हवा जाण्याच्या नळीतून किंवा डिपस्टिकच्या वाटेने पाणी आत गेलं असेल तर ऑइल गुलाबी, दुधट, थेट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी शेकसारखं दिसतं. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर असे गिअरबॉक्स गॅरेजांपुढे रांगेत उभे होते. पाण्याने प्लेटींचा कागदी थर चिकटवणारा डिंक सुटतो. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट मिसळला तरी हाच रंग येतो आणि नुकसानही तेच. अशा ऑइलवर घेतलेल्या रीडिंगला अर्थ नाही.

बंद पडलेली ऑटोमॅटिक धक्का मारून का सुरू होत नाही?

पंपाला इंजिन फिरवतं, चाकं नाहीत. इंजिन बंद, म्हणून पंप बंद, म्हणून प्रेशर शून्य, म्हणून क्लच सुटलेले. १९६० च्या दशकापर्यंत काही अमेरिकन गाड्यांत चाकांकडून फिरणारा दुसरा पंप मागे असे, त्या धक्क्याने सुरू होत. याच कारणाने चालती चाकं (इंजिन ज्यांना फिरवतं ती) जमिनीवर ठेवून टोइंग करू नका. आतले भाग फिरतात आणि त्यांना तेल मिळत नाही. सरळ फ्लॅटबेड बोलवा.

हे घरी करता येईल का?

लेव्हल, रंग, वास, कागदावरचा थेंब, हे जरूर करा. गाडी नीट उचलून स्टँडवर ठेवायची सोय आणि सवय असेल तर आयडलचं रीडिंगही जमेल. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टॉल टेस्ट मात्र पार्किंगमध्ये नको, समोर मुलं खेळत असतात.

ओव्हरहॉल करून आणली आहे. तरी गेज लावायचं?

लावायचं, आणि ताबा घ्यायच्या आधी. गिअरबॉक्स चढवताना कन्व्हर्टर पंपाच्या खाचेत पूर्ण बसला नसेल आणि तसेच बोल्ट आवळले, तर पंपाचा गिअर किंवा खाच तुटते. गाडी सुरू होते, कुठल्याही गिअरला हलत नाही, गेजवर शून्य. कधी कधी पूर्ण तुटत नाही, नुसता तडा जातो, आणि ते पुढच्या घाटात कळतं. ओव्हरहॉल करणाऱ्याकडून चारही जागांची गरम रीडिंग कागदावर, तारखेसह आणि किलोमीटरसह लिहून घ्या आणि तो कागद बिलाला टाचून ठेवा.